रानडे रोडलगतच्या जुन्या चाळी: निगा नक्की कोणी राखायची?

काचेचं तावदान (धागाकर्ती)

आमची गल्ली रानडे रोडला लागते. तोंडाशीच तळमजला अधिक तीन माळ्यांची एक चाळ आहे. नाव देत नाही, दादरवाले ओळखतीलच. खाली सहा दुकानं, वर छत्तीस खोल्या. गेल्या शुक्रवारी सकाळी दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीखालचा गिलावा सुटून फुटपाथवर पडला. परातीएवढा तुकडा होता. तिथे रोज एक गजरेवाली बसते. ती नेमकी सुटे पैसे आणायला पलीकडे गेली होती.

मी समोरच्या टॉवरमध्ये राहते. सोळा वर्षं रोज खिडकीतून एकच देखावा: गंजलेले पाइप, निळी ताडपत्री, कठड्यावर वाळत घातलेली गोधडी, गच्चीच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा पिंपळ. खाली साड्यांच्या दुकानांचे झगमगणारे बोर्ड आणि वर हे. आता दिवाळीची गर्दी सुरू होईल. त्या गॅलरीखालून एका संध्याकाळी किती माणसं जातात ते दादरकरांना सांगायला नको.

शेजारी म्हणून आम्ही काय करू शकतो? पक्क्या दुरुस्तीसाठी तक्रार कुठे करायची, महापालिकेत की म्हाडात? आणि कोणाला दुखवायचं नाही, पण चाळकऱ्यांनी थोडी वर्गणी काढून निदान बाहेरून रंग मारायला काय हरकत आहे?

---

शंकासूर

रंग म्हणालात ना, झालं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

तिसरा माळा

तावदानताई, त्याच चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहतो. ती गोधडी आमच्या आईची.

रंगाचं सांगतो. १९९८ मध्ये गणपतीच्या आधी आम्ही घरटी वर्गणी काढून पुढची बाजू रंगवली होती. पिवळा आणि चॉकलेटी. दोन पावसाळ्यांत पोपडे धरले. भिंत आतून ओली असेल तर वरून रंग लावणं म्हणजे तापाच्या माणसाला पावडर लावण्यासारखं आहे.

गिलावा का पडला तेही ऐका. त्या गॅलरीच्या वर माझ्या शेजारची खोली आहे. नऊ वर्षं कुलूप. मोरीचा पाइप कधीतरी फुटला, पाणी आत मुरत राहिलं आणि खालच्या माळ्याला ओल आली तेव्हा कळलं. भाडेकरूला फोन केला तर म्हणाले, दिवाळीनंतर येतो. कुठल्या दिवाळीनंतर ते म्हणाले नाहीत.

छत्तीसपैकी चौदा खोल्या अशा बंद आहेत. तुम्हाला समोरून चाळ दिसते. मला आतून कुलुपं दिसतात.

---

काचेचं तावदान

गोधडीबद्दल माफ करा, तसं म्हणायचं नव्हतं. पण चौदा खोल्या बंद? मग लोक त्या सोडत का नाहीत?

---

शंकासूर

रानडे रोडवरची पागडीची खोली (एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने पिढ्यान्‌पिढ्या राहायची) सोडायची? ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या? :)

---

ओळंबा

माझा धंदा जुन्या इमारतींच्या तपासणीचा आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

दादर-गिरगावातल्या १९४० च्या आधीच्या बहुतेक चाळी भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींवर उभ्या आहेत. विटांमधले सांधे चुन्याचे, तुळया सागवानी, वर फळ्या किंवा लाद्या, त्यावर कोबा. हे बांधकाम वाईट नाही. नीट राखलं तर शंभर वर्षं सहज जातं. पण त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे साचलेलं पाणी. तुळई सहसा मधे सडत नाही. ती सडते टोकाला, जिथे भिंतीत घुसलेली असते, आणि तिथे ती कोणालाच दिसत नाही. खोलीत उभं राहून वर बघाल तर तुळई ठणठणीत. भिंतीतलं टोक मात्र भिजलेल्या बिस्किटासारखं. मी तपासणीला गेलो की आधी मोरी कुठे आहे ते विचारतो. मोरीखालचं तुळईचं टोक पाहिलं की निम्मं निदान झालं.

आता चाळीत काय काय झालं ते बघा. मूळ नकाशात संडास माळ्याच्या टोकाला, सामाईक. १९८५-९० नंतर ज्याने त्याने मोरीतच संडास बांधला. मी दोष देत नाही, रात्री म्हाताऱ्या माणसाने गॅलरीच्या टोकाला किती वेळा जायचं? पण त्यासाठी जमीन फूटभर उचलून विटांच्या तुकड्यांची भर घातली, वर टाइल्स, शिवाय पाण्याची टाकी. हे सगळं वजन आणि सगळी ओल नेमकी तुळईच्या टोकावर. मग तडे दिसले म्हणून कोणीतरी चुन्याच्या भिंतीला बाहेरून कडक सिमेंटचा गिलावा मारला. चुन्याची भिंत ओल शोषते आणि परत बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल आत कोंडली आणि एके दिवशी गिलावा परातीएवढा होऊन खाली आला.

म्हणून रंगाचा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न गच्चीवरचं पाणी कुठून उतरतं हा. दुसरा, घरगल्लीतले (दोन इमारतींमधल्या सांडपाण्याच्या अरुंद गल्लीतले) पाइप. तिसरा, तो पिंपळ.

---

जुना दादरकर

ओळंबा यांनी बरोब्बर सांगितलं. मी सत्तर पार केली आहे. लहानपणी आमच्या चाळीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालकाचा मेहता, म्हणजे कारकून, यायचा. काखेत पावतीपुस्तक, हातात छत्री. भाडं घ्यायचा, पण त्याच फेरीत प्रत्येक माळ्यावर चालत जायचा. "काय हो, गळतंय का कुठे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मे महिन्यात गच्चीच्या सांध्यांत डांबर, गणपतीआधी जिन्याला चुना, कठड्याची एखादी दांडी निघाली तर सुतार. फार उदार होता असं नाही, एक नंबरचा कंजूष माणूस होता. पण यायचा.

मेहता यायचा थांबला तेव्हापासून चाळ म्हातारी व्हायला लागली. पुढे भाडं मनीऑर्डरने जाऊ लागलं, मग कोर्टात भरू लागलो. मालकाला चाळ दिसेना, आम्हाला मालक दिसेना.

(अवांतर: त्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक पिठाची गिरणी होती. तिच्या हादऱ्यानेही चाळीचं काही बिघडलं नव्हतं.)

---

मालकीणबाई

खूप विचार करून लिहिते आहे. ही चाळ नाही, पण अशीच एक आमच्या आजोबांनी बांधली. आता आम्ही अकरा वारस आहोत, त्यातले चार परदेशात.

लोक म्हणतात मालक लक्ष देत नाही. हिशेब ऐका. खोलीचं भाडं ७० रुपये महिना. बत्तीस खोल्या, म्हणजे २,२४० रुपये. दुकानांचे धरून साडेतीन हजारांच्या आत. हे पूर्ण वसूल झालं तर. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं मागच्या वर्षी घेतलेलं कोटेशन साडेचार लाखांचं होतं. दहा वर्षांचं भाडं एकाही पैशाला हात न लावता साठवलं तरी गच्ची होणार नाही. आणि आमच्याच खोल्यांपैकी तीन भाडेकरूंनी परस्पर भाड्याने दिल्या आहेत. तिथे राहणारी मुलं महिन्याला किती देतात ते त्यांनीच मला सांगितलं, आकडा लिहायची लाज वाटते. त्यातले ७० आमचे.

१ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर भाडी गोठली, १९४७ च्या कायद्याने ती तशीच राहिली. युद्धकाळापुरती केलेली सोय आमच्या तीन पिढ्यांना पुरली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. ७० चे चार टक्के किती होतात ते तुम्हीच काढा.

---

तिसरा माळा

ताई, भाडं ७० हे खरं. पण पागडी किती घेतली होती तेही लिहा ना. आमच्या आजोबांनी आजीच्या पाटल्या मोडून पागडी दिली होती. आणि आजही खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालकाचा हिस्सा आधी टेबलावर ठेवावा लागतो, साधारण तिसरा भाग. त्यातून कधी एक पाइप बदललेला बघितला नाही. परस्पर भाड्याने देणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही. पण मालकाने दुरुस्ती करायची नाही आणि भाडेकरूने केली तर "मला न विचारता बांधकाम" म्हणून नोटीस पाठवायची, हेही आम्ही पाहिलं आहे.

---

पुरवणी

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. इमारत नांदती ठेवणं ही मालकाची जबाबदारी. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. मालकाने काही केलं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही.

---

शंकासूर

७० गुणिले १२ म्हणजे ८४०. चौथा हिस्सा २१०. वर्षाला घरटी दोनशे दहा रुपयांची दुरुस्ती. कायद्याने प्लंबरच्या चहाची सोय केली म्हणायची.

---

पुरवणी

हसू नका, चहा दोनदा होईल. :)

तक्रार कुठे करायची हे धागाकर्तीने विचारलं होतं ते राहूनच गेलं. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी असेल (शहर भागात, म्हणजे माहीम-शीवपर्यंत, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या बहुतेक खासगी भाड्याच्या इमारती असतात), तर मुख्य दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे. १९६९ च्या कायद्याने हे सुरू झालं, तेव्हा शहरात अशा सुमारे १९,६०० इमारती होत्या. १९४० पूर्वीची म्हणजे अ वर्ग. मंडळ तुळया, भिंती, जिना, छत असं बघतं. तुमच्या घरातल्या टाइल्स नाही. खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा आहे, वरचा खर्च रहिवाशांनी भरायचा. बहुतेक कामं तिथेच अडतात.

लटकलेला गिलावा, झुकलेला कठडा असं तातडीचं काही असेल तर वाट बघू नका, १९१६ वर फोन करा. शेजाऱ्यानेही केला तरी चालतो, नाव सांगावं लागतं एवढंच.

---

काचेचं तावदान

धन्यवाद. शुक्रवारी १९१६ वर फोन केला होता. माणसं आली, सुटलेला भाग पाडून गेली, खाली पट्टी बांधली. संध्याकाळपर्यंत पट्टीला रुमालवाल्याने रुमाल अडकवले होते.

---

कापडाचा तागा

खालच्या सहा दुकानांपैकी एक माझं. नाव विचारू नका, घासाघीस करायला याल.

दुकानदारांवर बोलणं येणारच, म्हणून आधीच सांगतो. आमचे बोर्ड कठड्याला ठोकलेले आहेत, खरं आहे. एसीचं पाणी भिंतीवरून उतरतं, तेही खरं. पण आम्ही गेल्या दहा वर्षांत तीनदा विचारलं की जिना आम्ही करून देतो, बोर्डासाठी पुढची बाजू द्या. माळ्यावरच्यांचं एकमत होत नाही. एक म्हणतो बोर्डाचं भाडं द्या, दुसरा म्हणतो दुकानाने पुढाकार घेतला म्हणजे बिल्डर मागे आहे. असेल बाबा. मला फक्त गिऱ्हाइकाच्या डोक्यावर काही पडायला नको आहे. मागच्या दिवाळीत ट्रायल घेणाऱ्या बाईंच्या खांद्यावर चुन्याचा खडा पडला, त्या साडी न घेताच गेल्या.

---

ओळंबा

तागासाहेब, बोर्डापेक्षा मला वेगळी चिंता आहे. आतली एखादी भिंत काढली आहे का? उघड सांगू नका, पण मनाशी आठवा. दुकान मोठं दिसावं म्हणून मधली नऊ इंची भिंत काढायची आणि त्या जागी लोखंडी गर्डर सरकवायचा, हे या भागात सर्रास होतं. वर पोटमाळा, त्यात कापडाचे गठ्ठे. कापड किती जड असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची इमारत पडली, १७ माणसं गेली, ती चाळही नव्हती आणि शंभर वर्षांची तर नव्हतीच. तळमजल्यावर फेरबदल चालू होते.

---

कापडाचा तागा

माझ्या दुकानात नाही. शेजारचं मी पाहिलेलं नाही असं समजा.

---

शंकासूर

हे वाक्य पंचनाम्यात घालण्यासारखं आहे.

---

७:५२ बदलापूर

बराच वेळ नुसता वाचत होतो. तिसरा माळा, तो फोन तुम्ही मलाच केला होता का माहीत नाही, पण माझीही अशीच एक बंद खोली आहे, दुसऱ्या चाळीत. शिव्या द्या, पण ऐका.

१८० चौरस फुटांत आम्ही सात जण होतो. दोघा भावांची लग्नं झाली तेव्हा मी बाहेर पडलो. बदलापूरला दोन खोल्या घेतल्या. आईवडील गेले, भाऊ पुण्याला गेला. खोली उरली. विकली तर मालकाचा हिस्सा जाऊन जे हातात येतं त्यात ठाण्यालाही काही मिळत नाही. आणि पुनर्विकास झाला तर किमान ३०० चौरस फूट स्वतःच्या मालकीचं, दादरला! कोणता माणूस सोडेल? १९९५ पासून दर दोन वर्षांनी एक बिल्डर येतो, पेढे वाटतो, सह्या घेतो, जातो. आमच्याकडे सहीचे चार वेगवेगळे करारनामे आहेत. मुलगी म्हणते, बाबा, याचं पुस्तक काढा.

खोलीत खर्च कशाला करायचा, पाडायचीच तर आहे, असं दरवेळी वाटतं. तीस वर्षं तसंच वाटतं आहे.

---

तिसरा माळा

तुम्ही नव्हता हो. पण तुमचं शेवटचं वाक्य आमच्या मीटिंगच्या इतिवृत्तात प्रत्येक पानावर आहे. जिन्याची पायरी? पाडायचंच आहे. बल्ब? पाडायचंच आहे. आमच्या जिन्यात २०११ पासून "पाडायचाच आहे" म्हणून बल्ब नाही. त्या जिन्यात आमची आई घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. जिना अजून उभाच आहे.

---

जुना दादरकर

भेंडीबाजारची हुसैनी इमारत आठवा. ३१ ऑगस्ट २०१७, सकाळी साडेआठच्या सुमारास. ३३ माणसं. ती काही विसरलेली इमारत नव्हती, पुनर्विकासाच्या योजनेत होती. त्याच्या दोनच दिवस आधी मुंबईत तो मोठा पाऊस झाला होता. वाट बघण्याच्या काळात इमारत थांबत नाही, एवढंच.

---

शंकासूर

मग बीडीडी चाळवाल्यांचं कसं झालं? १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. १६० चे ५०० चौरस फूट. आमच्या दादरने काय घोडं मारलं?

---

पुरवणी

घोडं मारलं नाही, मालक वेगळा. बीडीडी सरकारी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, एकाच बाजूला सरकार. इथे प्रत्येक चाळीचा मालक निराळा, त्याचे अकरा वारस, शिवाय भाडेकरूंत दोन गट. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियम ३३(७) खाली ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते, पण त्या ५१ टक्क्यांना एकाच बिल्डरवर विश्वास बसायला हवा ना.

म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ चा मार्गही आहे. धोकादायक ठरलेल्या इमारतीसाठी मालकाला सहा महिने, त्याने प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि त्यानंतर म्हाडा. डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यातल्या त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. नोटिसा निघाल्या आणि मालक उच्च न्यायालयात गेले. तेव्हा त्यावर विसंबून जिन्यातला बल्ब थांबवू नका.

---

बी विंग ४०४

आता मी तोंड उघडतो. तावदानताई, तुमचा टॉवर जिथे आहे तिथे आमची चाळ होती. तुम्ही ए विंग, समुद्राची हवा. आम्ही मागच्या बाजूची बी विंग, जुने भाडेकरू. २००९ मध्ये चाव्या मिळाल्या तेव्हा आम्ही दारात तोरणं बांधली.

आज आमच्या विंगेत या. दोनपैकी एक लिफ्ट चार महिने बंद आहे. सातव्या मजल्याचं पाणी सहाव्याला, सहाव्याचं पाचव्याला. बाहेरच्या डक्टमध्ये पिंपळ उगवला आहे, तोच. चाळीतून आमच्याबरोबर आला बहुतेक. बिल्डरने देखभालीसाठी दिलेल्या एकरकमी ठेवीच्या, म्हणजे कॉर्पसच्या व्याजात लिफ्टवाल्याचं कंत्राटही भागत नाही. मेंटेनन्स महिना ४,८०० आहे. आयुष्यभर ७० रुपये भरलेल्या माणसाला ४,८०० मागा आणि तो काय बोलतो ते ऐका. थकबाकीची यादी नोटीसबोर्डावर लावली तर यादीच कोणीतरी काढून नेली.

तेव्हा चाळ गेली की चाळीचे प्रश्न जातात, असं नाही. फक्त उंचावर जातात.

---

काचेचं तावदान

हे मला खरंच माहीत नव्हतं. आपलं गेट एकच आहे आणि मी सोळा वर्षांत बी विंगेच्या जिन्यात एकदाही आलेली नाही. लिहिताना लाज वाटली.

---

शंकासूर

म्हणजे खिडकीतून दिसतं ते कुरूप आणि पाठीमागे आहे ते दिसतच नाही. तावदान पुसून घ्या हो.

---

वेबमास्तर

शंकासूर, व्यक्तिगत शेरे नकोत. दुसरी सूचना नाही.

---

मालकीणबाई

बी विंग, तुमचं वाचून आमच्या वारसांच्या ग्रुपवर टाकलं. नेहमीप्रमाणे एकाने नमस्काराचे हात पाठवले.

एक विचारते, तिसरा माळा. मालक म्हणून मी साडेचार लाख काढू शकत नाही. पण गच्चीवरून उतरणारे पाइप बदलायला, फक्त तेवढंच, आमच्या प्लंबरने चाळीस हजार सांगितले. भाडेकरूंनी निम्मे काढले तर आम्ही निम्मे देऊ असं मी आमच्या चाळीत सुचवलं. उत्तर आलं: "आज पाइपाचे निम्मे, उद्या म्हणाल मालकी निम्मी." तुमच्याकडे काही वेगळं होतं का?

---

तिसरा माळा

आमच्याकडे उत्तरच येत नाही. मालक गुजरातेत असतात, पत्र परत येतं.

---

ओळंबा

मालकाची वाट न बघता करता येण्यासारखं सांगतो. ही मुख्य दुरुस्ती नव्हे, निगा आहे. तिला सहसा कोणाची परवानगी लागत नाही, पिंपळाचा अपवाद.

गच्चीच्या मोऱ्यांची तोंडं साफ करा, जाळ्या बसवा. उतरते पाइप बदला आणि ते भिंतीला चिकटवू नका, दोन बोटं अंतर ठेवून क्लॅम्प मारा, म्हणजे सांधा गळला तरी भिंत भिजणार नाही. पाइप थेट घरगल्लीतल्या चेंबरपर्यंत न्या. सध्या तुमचा पाइप दुसऱ्या माळ्यावर संपतो आणि तिथून पाणी भिंतीवर ओततो, मी परवा मुद्दाम वाकडी वाट करून बघून आलो. बंद खोल्यांचे नळ माळ्यावरूनच बंद करा. त्याला कुलूप उघडावं लागत नाही.

पिंपळाचं: वरून छाटलात तर तो दुप्पट जोमाने फुटतो. मूळ जिथे भिंतीत शिरलं आहे तिथल्या विटा काढून मूळ पूर्ण उपसायचं आणि चुन्यात पुन्हा बसवायच्या. आधी वॉर्डातल्या उद्यान खात्याला अर्ज द्या.

---

जुना दादरकर

आणि पिंपळाला हात लावणारा माणूस मिळवा. आमच्याकडे दोघे जण शनिवार आहे म्हणून निघून गेले, तिसरा अमावास्येनंतर येतो म्हणाला. चौथ्याने नारळ फोडून घेतला, दक्षिणा वेगळी. नारळाचे पैसे वर्गणीत धरा.

---

७:५२ बदलापूर

बंद खोलीवाल्यांकडून पैसे कसे काढायचे ते मी सांगतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे. "दुरुस्तीसाठी" म्हणाल तर कोणी देणार नाही. म्हणा, यादीत नाव पक्कं राहावं म्हणून सगळ्या खोल्यांची पाहणी आहे, कागद घेऊन रविवारी या. सगळे येतील. सकाळी आठला येतील.

---

तिसरा माळा

रविवारची मीटिंग झाली म्हणून कळवतो. बदलापूरकर, तुम्हाला साष्टांग. चौदा बंद खोल्यांपैकी अकरा आले. एक बाई नाशिकहून आल्या, त्यांना स्वतःची खोली सापडेना, माळा बदलला आहे का विचारत होत्या. शेजारच्या खोलीचं कुलूप कापावं लागलं, किल्ली गंजली होती. आत मोरीत नेच्याचं रोप आलं होतं, चांगलं हातभर.

पैसे: घरटी हजार ठरले. छत्तीसपैकी सत्तावीस जणांनी दिले, २७,०००. दुकानदारांनी मिळून पंधरा. त्यात एक दुकानदार म्हणाला, बोर्ड खाली घेतो पण दिवाळी झाल्यावर. ठीक आहे. जिन्यातला बल्ब तिथल्या तिथे लावला. तो कोणाच्या मीटरवर यावरून मात्र पाऊण तास गेला. तूर्त आमच्या.

रंगाचा विषय निघाला नाही.

---

बी विंग ४०४

आमच्याकडे मागच्या कामाची परांची पडून आहे, बांबू आणि दोर. सोसायटीला विचारतो. ए विंगेची एक सही लागेल.

---

काचेचं तावदान

सही माझी. मी कमिटीत नाही पण सेक्रेटरी आमच्याच मजल्यावर आहेत, आज रात्रीच पकडते.

---

ओळंबा

परांचीचे दोर जुने असतील तर वापरू नका. बांबू चालतील.

---

तिसरा माळा

अपडेट. पाइप बसले. दोन बोटं अंतर ठेवून, ओळंबा यांनी स्वतः येऊन पट्टी लावून बघितलं, चहासुद्धा घेतला नाही. पिंपळाचा अर्ज दिला आहे, पोच मिळाली, माणूस मिळालेला नाही. म्हाडाच्या कार्यालयात तुळयांच्या तपासणीसाठी पत्र दिलं, तिथल्या साहेबांनी दुसऱ्या माळ्याला टेकू लावायचं कबूल केलं आहे. गजरेवालीने जागा बदलली, आता दोन दुकानं सोडून बसते. जुन्या जागी रुमालवाला बसला.

---

मालकीणबाई

पाइपवाल्याचा नंबर मला व्यक्तिगत निरोपातून द्याल का? आमच्याकडे दोघे भाडेकरू निम्म्याला तयार झालेत. बत्तीसपैकी दोघे. पण झालेत.

---

तिसरा माळा

दिला. जरा उशिरा येतो पण काम नीट करतो.

काल रात्री परतीचा पाऊस दणकून झाला. दीडला उठून बॅटरी घेऊन गॅलरीत गेलो. भिंत कोरडी होती, हात लावून बघितलं. पाणी पाइपातून सरळ खाली घरगल्लीत जात होतं. आता घरगल्ली तुंबली आहे, तळमजल्याचा फोन सकाळी सहालाच आला. रविवारी अकराला मीटिंग. बदलापूरकर, या वेळी काय सांगून बोलावू?